विहिरीपुढचा फोटो

चतुराबाईचा फोन रातोरात बदलून गेला. चोरी झाली नव्हती. फोन तोच होता, कोपऱ्यात तडा गेलेला, फडताळात चार्जिंगला लावलेला. पण सकाळी झाडलोट उरकून तिनं तो हातात घेतला, तर आतली सगळी मांडामांड उलटीपालटी!

"आगं माय! ह्याला काय झालं?" ती मोठ्यानं म्हणाली.

चतुराबाईला वाचता येत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. पण म्हणून ती फोनला कधी भ्यायली नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिच्या सुनेनं, शीतलनं, एक युक्ती काढली. ज्याला फोन लावायचा त्याचा मोठा चौकोनी फोटो तिनं फोनच्या पहिल्याच पानावर मांडून दिला. लेक बबलू जालन्याला सळईच्या कारखान्यात होता, त्याचा फोटो. शीतलचा स्वतःचा. नवऱ्याचा (त्याचं नावच कारभारी), बबलूच्या लग्नात टोपी घालून काढलेला. आणि चौथा फोटो विहिरीचा.

विहिरीला कोण फोन लावतं? तर फोन मोटरीला लावायचा. विहिरीत खाली चौथऱ्यावर बसवलेल्या मोटरीला मोबाईल स्टार्टर लावला होता. वर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, खोपीत त्याची पेटी, पेटीत एक सिमकार्ड. त्या नंबरला फोन लावला की एक रिंग वाजायची, पलीकडून आपोआप कट व्हायचा आणि शेतात मोटर सुरू. परत एकदा लावला की बंद. घरातल्या तिघांचेच नंबर त्यात भरलेले होते: कारभारीचा, बबलूचा आणि चतुराबाईचा. तीर्थपुरीच्या रस्त्याला त्यांची मोसंबीची बाग, घरापासून चालत पंधरा मिनिटं. चुलीपुढं बसून बागेला पाणी सोडणारी बाई म्हणून गल्लीत चतुराबाईचा चांगलाच तोरा होता.

त्या विहिरीच्या फोटोची एक गंमत होती. शीतल फोटो काढायला गेली, तर कारभारी मध्येच येऊन उभा राहिला. "नुसत्या विहिरीचा फोटो कोन काढतं? मानूस नको का त्यात?" असं म्हणून टोपी सारखी केली, कमरेवर हात ठेवले आणि छाती पुढं काढली. मागं विहीर, पुढं हा. शीतलला हसू आवरेना. तिनं तोच फोटो लावून दिला. मोठ्या चौकोनात विहीर काठासकट ढळढळीत दिसायची, म्हणून कधी घोळ झाला नाही.

आणि आता हे! चौकोन गेले. त्यांच्या जागी रुपयाच्या नाण्याहूनही लहान गोल गोल तुकडे आले. क्रमही बदलला. बबलू खाली गेला, शीतल कडेला गेली.

"आवो, हिकडं बघा जरा. हिर कुठं गेली? आन् तुम्ही दोनदा दिसून राह्यले."

कारभारी ओसरीवर दाढी करत होता. साबणाच्या तोंडानंच त्यानं वाकून पाहिलं. खरंच, वर एक कारभारी, त्याच्या शेजारी दुसरा कारभारी. तीच टोपी, तीच मिशी.

"मंग बरंच झालं की. तुला दोन दोन नवरे झाले."

"एक सांभाळता नाकी नऊ आले. मस्करी सोडा. हे असं काहून झालं?"

"अपडेट आली आसंल." कारभारीनं वस्तरा कपात बुडवला. "माझ्या बी फोनला मागच्या महिन्यात आल्ती. विचारत न्हाई ना पुसत न्हाई. रात्री तुम्ही झोपले की ह्यांचं काम चालू."

चतुराबाईचं डोकंच सणकलं. फोन तिचा. दुकानात जाऊन, पिशवीतून रोख पैसे मोजून घेतलेला. मग ही कोण कंपनी, कोणत्या देशातली, जी तिच्या फडताळात हात घालून तिची भांडी हलवते? उद्या हिनं स्वयंपाकघरात शिरून मीठ-मिरचीचे डबे उलटेपालटे केले तरी वरून म्हणणार, सुधारणा केली! कुणी सांगितली होती सुधारणा? टीव्हीचं तेच. आधी एक बटण दाबलं की बातम्या लागायच्या, आता दोन रिमोट, तीन बटणं, आणि तरी तो पडद्यावर विचारतो की तुम्ही कोण. नव्या फ्रिजचं दार जरा उघडं राहिलं की तो टूं टूं करून गल्लीला सांगतो. कुणाला फोन लावावा, तर आधी एक बाई भाषण देते, फसवणुकीपासून सावध राहा. आणि ज्याला गडबडीचं काही सांगायचं तो माणूस भाषण संपेपर्यंत निघून जातो. एवढं सगळं विचारतात, एवढं सगळं सांगतात. पण 'बाई, तुझे फोटो लहान करू का?' हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

तिनं शीतलला फोन लावला. शीतल जालन्याला मुलांच्या शिकवणीच्या गडबडीत होती. "आई, आत्ता फोनवर कळायचं नाही. संध्याकाळी व्हिडिओवर दाखवते, तोवर कशाला हात लावू नका." एवढं बोलून तिनं ठेवला. ठेवल्याबरोबर पडद्यावर एक नवीनच पाटी आली. वर काहीतरी लिहिलेलं आणि खाली पाच चांदण्या. चतुराबाईला काही कळेना.

कारभारीनं वाचून दाखवलं. "कॉल कसा होता, म्हणतोय. चांगला झाला तर पाच चांदण्या द्या."

"माझ्या सुनंशी मी काय बोलले, त्याला ह्यानं मार्क द्यायचे? बिलकुल देत न्हाई मी!"

पाटी जाईना म्हणून तिनं फोन पालथा घालून ठेवला. कारभारी हसत हसत उठला. टॉवेल खांद्यावर टाकला, पाना आणि पेचकस पिशवीत घातला. चैत्राचं ऊन, बागेला पाणी पाहिजे होतं, आणि मोटर कालपासून अडकली होती.

"नुसती घूं घूं करून राह्यली, फिरत न्हाई. मागचं टोपन काढून पंखा हातानं फिरवावा लागंल, मंग सुटंल. भाकरी झाली की फोन कर. तवर काम बराबर होतं."

"खोपीतली फ्यूज काढून मंग उतरा हिरीत."

"आता कुठं त्या खोपीपतूर जाऊ? मोबाईलवरून बंद केली की बंदच असती ती."

हे वाक्य चतुराबाईला पुढं कितीदा आठवलं, त्याला गणती नाही. पूर्वी मोटर बंद करायची तर खोपीत जाऊन दांडा खाली ओढावा लागायचा, आणि तिथं गेलंच आहे तर माणूस फ्यूजही काढून खिशात टाकायचा. सवयच होती ती. स्टार्टर आला आणि खोपीची वाट मोडली. तिथं आता गवत वाढलं होतं. फोनवर बंद म्हणजे बंद, असं सगळे धरून चालले. पण पेटीत वीज तशीच जागी असायची, कुणाच्या तरी रिंगची वाट बघत.

साडेबाराला भाकऱ्या झाल्या. चतुराबाईनं वांग्याचं भरीत झाकून ठेवलं, हात पुसले आणि फोन घेतला. चांदण्यांची पाटी आपोआप गेली होती. समोर दोन कारभारी.

ती क्षणभर थांबली. मग मनात म्हणाली, दोन्ही तेच तर आहेत, कुठलाही दाबला तरी उचलणार तोच. आणि तिनं पहिला दाबला.

कारभारीच्या फोनला कुणीतरी भजनाची ट्यून लावून दिली होती. त्याला फोन लावला की आधी टाळ ऐकू यायचे. तिनं फोन कानाला लावला. टाळ आले नाहीत. एक रिंग वाजली. आणि कट.

एक रिंग आणि कट, हे माणसाचं उत्तर नव्हतं. ते मोटरीचं होतं.

एका क्षणात तिला सगळं कळलं. तो दुसरा कारभारी म्हणजे विहीर होती. विहिरीपुढं छाती काढून उभा राहिलेला कारभारी. फोननं माणसाचं तोंड तेवढं कापून घेतलं आणि विहीर फेकून दिली. आणि खरा कारभारी या घडीला विहिरीत, मोटरीचं टोपण काढून, पंख्यात हात घालून बसला होता.

परत लावायचा! परत लावला की बंद होते! तिनं फोन कानावरून खाली आणला, तर पडद्यावर पाच चांदण्या.

"आरं सर ना मुडद्या!" ती ओरडली. तिनं बोट मारलं, चांदण्या पिवळ्या झाल्या. पाटी गेली, दुसरी आली, खालून अक्षरांच्या ओळी वर आल्या. आणखी काही लिहा म्हणत होता बहुतेक. मागं जायचा बाण खाली डाव्या हाताला असायचा, तोही आज तिथं नव्हता. तिनं पडद्यावर इकडून तिकडून बोटं मारली. कुठं तरी काही तरी दाबलं गेलं आणि फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, "बोला, कोणाला कॉल करू?"

चतुराबाईनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. शीतलनं ही बोलायची सोय दाखवली तेव्हाही तिनं हातच जोडले होते. आमच्यात नाव घेत नसतात, ही सोय तुम्हाला लखलाभ. आज तिनं घेतलं. दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"कारभारी! कारभारीला लाव!"

"कारभारी नावाचा संपर्क सापडला नाही," बाई म्हणाली.

शीतलनं त्याचा नंबर 'पप्पा' म्हणून भरला होता. ती पप्पा म्हणायची ना त्याला.

मग चतुराबाई धावली. चप्पल नाही, पदराचं भान नाही. पंधरा मिनिटांची वाट तिनं कशी तोडली, तिलाच माहीत नाही. पांदीत ढेकळं टोचली, ऊन डोक्यावर होतं, हातातल्या फोनमधली बाई मध्येच म्हणाली, "मला समजलं नाही, पुन्हा सांगा."

ती पोचली तेव्हा विहिरीच्या काठावर शेजारच्या शेतातला आदिनाथ उभा होता. त्यानंच आरोळी ऐकून खोपीतली फ्यूज उपटली होती आणि कारभारीला वर घेतलं होतं. कारभारी कठड्याला टेकून बसला होता, तोंड पांढरंफटक. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल सगळा लाल.

"लाईट जाऊन झटक्यानं परत आली आसंल, मामी," आदिनाथ धापा टाकत म्हणाला. "ह्या आटो मोटरीचं काही खरं न्हाई. आपोआप उचलली तिनं."

चतुराबाईनं तोंड उघडलं. आपोआप नाही रे बाबा, मी. एवढं सांगायचं होतं. पण कारभारीनं मान वर केली, तिच्या अनवाणी पायांकडं बघितलं, आणि कोरड्या जिभेनं विचारलं, "भाकरी झाली व्हय?"

तिनं मान हलवली.

आदिनाथच्या पिकअपमधून अंबड, तिथून जालना. डॉक्टरांनी दोन बोटं गेली म्हणून सांगितलं. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं आणि मधलं. बाकीचा हात वाचला, जीव वाचला, नशीब समजा. लागलं ते पहिल्याच फेऱ्यात, असंही ते म्हणाले. म्हणजे तिनं परत फोन लावला असता तरी बोटं गेलीच असती. पण एवढ्यावर तिचं समाधान होईना. पहिला फोन तर तिचाच होता ना.

संध्याकाळी बबलू ड्यूटीवरून थेट दवाखान्यात आला. बापाचा हात बघून आधी रडला, मग त्याचं रक्त तापलं. राग कुणावर काढायचा, तर भिवावर. भिवा म्हणजे अंबडचा वायरमन, त्यानंच तो स्टार्टर बसवला होता. साधा माणूस, दोन पोरींचा बाप. बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी तो सफरचंदं घेऊन बघायला आला.

"मी आटो बंद करून दिल्तं, भाऊ. पोरींची शपथ घेतो. लाईट आली तरी ती आपोआप उचलत न्हाई. फोन आल्याबिगर चालूच व्हत न्हाई."

"मंग कोनाचा फोन आला? मी कारखान्यात, माझा मोबाईल गेटवर जमा. दादा हिरीत. भुतानं लावला का?" बबलूनं त्याची पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली. "तू थांब. पोलिसात देतो तुला. ह्या जिल्ह्यात तुला पाना धरू देत न्हाई मी."

तिघांचे नंबर होते पेटीत. बबलूनं दोन मोजले. तिसरा त्याच्या मनातच आला नाही, आईचा होता म्हणून. भिवानं मात्र एकदा चतुराबाईकडं बघितलं. फक्त बघितलं. तिनं मान खाली घातली आणि पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. भिवा सफरचंदं तिथंच ठेवून गेला. ती कुणी खाल्ली नाहीत.

त्या दिवसापासून चतुराबाईला अन्न गोड लागेना. नवऱ्याची बोटं घेतली ती घेतली, आता वर एका गरिबाचं नाव जाळायला निघालो आपण! सांगून टाकावं, असं रोज ठरवायची. आणि रोज कारभारीच्या हाताचं बँडेज बघून उद्यावर ढकलायची. एवढ्या वर्षांचा संसार. त्या हातानं त्यानं बाग लावली, त्या हातानं बबलूला खांद्यावर घेतलं. त्याला काय म्हणायचं, की तुमचा हात मी तोडला, भाकरी खायला बोलवता बोलवता?

आणि एक भीती वेगळीच होती. मोटर चालू झाली की कारभारीच्या फोनवर मेसेज यायचा, कोणत्या नंबरवरून चालू झाली त्याचा. म्हणजे जे तिच्या तोंडून निघत नव्हतं, ते त्याच्या फोनात लिहून ठेवलेलं होतं. बबलूलाही ते सुचलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तो बापाच्या खाटेवर येऊन बसला.

"दादा, तुमचा फोन उघडा. त्यात मेसेज आसंल. फोन न येता मोटर चालू झाली हे एकदा दिसलं, की भिव्या अडकलाच."

चतुराबाई चुलीपुढं होती. तिचा हात पिठातच थांबला.

कारभारीनं बँडेजचा हात वर केला. "कशानं उघडू? ज्या बोटानं उघडायचा ते हिरीत पडलं."

"नंबर आसंल की कायतरी."

"इसरलो."

शीतलनं टाकलेला नंबर त्यानं मागं रागाच्या भरात बदलला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढं बोटावर काम भागायचं म्हणून नंबराची गरज पडली नाही. बबलूनं जन्मसालं टाकून बघितली, लग्नाचं साल टाकलं, गाडीचा नंबर टाकला. फोन म्हणाला, तीस सेकंदांनी प्रयत्न करा. मग म्हणाला, पाच मिनिटांनी. ज्याचा फोन तो समोर खाटेवर बसलेला, जिवंत, पोटचा पोरगा शेजारी, आणि फोन म्हणत होता मी तुम्हाला ओळखत नाही! बबलूनं दोन शिव्या हासडल्या.

"जाऊ द्या. रविवारी येतो, मंग तीर्थपुरीला नेतो. तिथला दुकानवाला कसला बी फोन खोलून देतो. तिथून तसाच ठाण्यात जातो."

रविवार उजाडला. बबलू जालन्याहून निघाल्याचा फोन आला, दोन तासांत पोचतो म्हणाला. चतुराबाईनं ताट वाढलं आणि कारभारीच्या समोर बसली. डाव्या हातानं त्याला भाकरी मोडता यायची नाही, म्हणून नऊ दिवस तीच घास करून भरवत होती. भाकरी कालवणात बुडवून तिनं एक घास दिला, दुसरा केला, आणि तो हातातच राहिला.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मशीननं सांगायच्या आत मीच सांगते. मोटर आपोआप चालू न्हाई झाली. मी केली. तुम्हाला जेवायला बोलवायला फोन लावला आन् तो मोटरीला लागला. ते दोन फोटो व्हते ना, त्यातला एक हिरीचा व्हता. मला कळलं न्हाई. दाबल्यावर कळलं. मी लई परयत्न केला बंद करायचा, पर ते चांदण्या..." आणि पुढं तिला रडूच फुटलं. डाव्या हातानंच तिनं डोळे पुसले.

कारभारी म्हणाला, "दाबल्यावर कळलं व्हतं तुला?"

"व्हय. तिथंच. म्हनून तर पळत आले."

"आसं." त्यानं मान हलवली. "मला वाटलं, तुला ठावच न्हाई. फोन लागला न्हाई म्हनून बघायला आली आसशील, आसं धरून चाललो मी."

"म्हंजे?"

कारभारीनं उशीखालून फोन काढला. मांडीवर ठेवला. डाव्या अंगठ्यानं, एक एक करून, त्यानं चार आकडे दाबले. फोन उघडला.

चतुराबाई बघतच राहिली.

"दवाखान्यात पहिल्याच दिवशी वाचला मेसेज. तू चहा आनायला गेल्तीस तवा. तुझा नंबर बघितला." तो फोनकडंच बघत बोलत होता. "नंबर मी इसरलो न्हाई. बबल्यानं उघडला आस्ता तर तुला कळलं आस्तं. मंग जल्मभर तू सोताला खात बसली आस्तीस. फ्यूज मी काढली न्हाई. तू सांगितलं व्हतं तरी काढली न्हाई. मंग तुला कशाला जाळायचं?"

"नऊ दिस!" चतुराबाई एकदम उसळली. रडू तसंच, पण आता त्यात राग आला. "नऊ दिस मी एकटी जळून राह्यले, आन् तुम्हाला म्हाईत व्हतं? आन् तो भिवा? त्याचं काय करायचं ठरवलं व्हतं तुम्ही?"

कारभारीनं नजर चुकवली. "पुसून टाकतो मेसेज. बबल्याला काही सापडनार न्हाई. चार दिसानं निवंल तो."

"आन् भिवाला कोन काम देईल चार दिसानं? पोरींची शपथ घेतली त्यानं. माझ्याकडं बघून गेला तो. त्याला सगळं कळलं व्हतं, तरी बोलला न्हाई." तिनं हातातला घास ताटात ठेवला. "पुसायचं न्हाई. लावा बबलूला. माझ्या फोनवरून लावा. मी बोलते."

कारभारीनं तिच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि मुकाट्यानं तिचा फोन घेतला. शीतलनं तो मागेच नीट करून दिला होता. विहिरीचा फोटो आता नुसत्या विहिरीचा होता. डाव्या हातानं त्यानं बबलूचा गोल शोधला आणि दाबला.

चतुराबाईनं सगळं सांगितलं. काही राखलं नाही, काही सजवलं नाही. मी लावला फोन, माझ्या हातानं लागला. भिवाचा काही दोष नाही. "आन् बबलू, अंबडवरून येतानी त्याच्या घरी जा. त्याच्या बायकोसमोर हात जोड. मी बी येनार हाय उद्या. आईनं सांगितलं म्हनाव."

पलीकडं नुसता गाडीचा आवाज होता. बबलूनं गाडी कडेला घेतली असावी, कारण मग तोही आवाज थांबला.

"बबलू? ऐकतो ना रे?"

"हं," बबलू म्हणाला. माय असं म्हणाला नाही, असू दे म्हणाला नाही. थोड्या वेळानं त्यानं फोन ठेवला.

चतुराबाईनं फोन कानावरून खाली घेतला. पडद्यावर पाटी आली होती आणि तिच्याखाली पाच रिकाम्या चांदण्या. आता तिला ती पाटी न वाचताही कळत होती. कॉल कसा होता?

ती त्या चांदण्यांकडं थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं फोन पालथा घातला, ताटातला घास उचलला, आणि कारभारीनं तोंड उघडलं तेव्हा त्याच्या तोंडात दिला.